रागावते, पण खरं सांगते

अण्णा, तुमच्या नर्सरीला आता माझ्या तोंडानं ओळखतात. निरगुडसरच्या फाट्यावर परवापरवापर्यंत मोठा फ्लेक्स होता. त्यावर मी, एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट उगारलेलं, आणि खाली लिहिलेलं, 'रागावते, पण खरं सांगते.' तुम्ही होता तेव्हा नर्सरीला साधी पाटीसुद्धा नव्हती. पावणे रस्त्यात कुणालाही विचारायचे, "ते तिरसट अण्णा कुठं बसत्यात?" आणि लोक बरोबर दारात आणून सोडायचे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत मी काय काय केलं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मीच लिहायला बसले आहे.

तुम्ही मला दिसता ते कायम शेडनेटच्या दाराशी. टोमॅटोचं एक रोप चिमटीत धरून ट्रेमधून अलगद उपसता, पांढरी मुळी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धरता आणि पुन्हा त्याच भोकात बसवता. समोरचा घाईत असतो. "अण्णा, टेंपो थांबलाय." तुम्ही विचारता, "रान भिजवलं का?" तो म्हणतो, "उद्या भिजवतो की." "मग परवा ये." एवढं बोलून तुम्ही भरलेला ट्रे परत आत नेता, आणि आई घरातून कुरकुरते, "आलेलं गिऱ्हाईक हाकलायची हौसच हाय ह्यांना." तो माणूस चरफडत जायचा, पण परवा यायचा. सगळेच यायचे असं नाही. काही दुसऱ्या नर्सरीत जायचे, आणि तुम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. निदान मला तसं दिसायचं.

मी बारावी झाले त्या वर्षी एका शेतकऱ्याला ढोबळीच्या जागी साध्या मिरचीचे ट्रे दिले होते. तो परत आला तेव्हा मी चूक कबूल करायचं सोडून त्याच्याशीच भांडले, की तुम्हीच नीट सांगितलं नाही. त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "चूक तुझी, आन आवाजबी तुझाच मोठा? असं कसं चालंल?" ते शब्द मला अजून जसेच्या तसे पाठ आहेत. ते पाठ असूनही पुढचं सगळं झालं.

तीन वर्षांपूर्वी नर्सरी अडचणीत आली. आसपास सहा-सात नर्सऱ्या निघाल्या, सगळ्यांकडे तीच रोपं, तेच ट्रे. कुणीतरी पुण्याच्या एका सरांचं नाव सुचवलं, ते धंद्याचा ब्रँड करून देतात म्हणून. सर आले, दिवसभर हिंडले, आणि म्हणाले, "ताई, रोपं काय, सगळ्यांकडेच मिळतात. तुमच्यासारखी बाई कुणाकडे नाही. तुमचा स्वभाव हाच तुमचा ब्रँड. जशा आहात तशाच लोकांसमोर या." मला ते पटलं. आपण जसे आहोत तसंच राहायचं, यात वाईट काय? पण सरांनी फोनवर काढलेले माझे पहिले व्हिडिओ अगदी फसले. मी काठपदराची साडी नेसून 'शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो' म्हणत होते, आणि तुमच्या वेळेपासून कामाला असलेली मावशी ट्रे धुता धुता तोंडाला पदर लावून हसत होती.

मग एक दिवस अवसरीचा एक जण मिरचीची रोपं मागायला आला. त्याच्या रानात पाणी साचतं हे मला ठाऊक होतं. मी त्याला तुमच्याच भाषेत सुनावलं, "आधी चर काढा, मग या. रोपं मारायला देत नाय मी." सरांनी ते त्याला विचारून फोनवर काढलं होतं. तो हसत हो म्हणाला होता. आठ दिवसांत तो व्हिडिओ कुठल्या कुठं गेला. नाशिककडून, सोलापूरकडून फोन आले. लोक गाड्या करून येऊ लागले. मला इतका आनंद झाला होता, अण्णा, की मी तुमच्या फोटोला नवा हार घातला आणि म्हणाले, बघा, तुमचा स्वभाव लोकांना अजून हवाय.

पुढं पुढं लोक रागावून घ्यायलाच येऊ लागले. "ताई, आमालाबी झापा की, व्हिडिओ काढा." सर सकाळी आले की विचारायचे, "आज कुणाला झापायचं?" मग मी चूक शोधायला लागले. कुणाची ठिबकची नळी, कुणाचं खत, कुणाची लागवडीची वेळ. चूक नसली तरी काहीतरी सापडायचं. घरी आले तरी आवाज खाली येत नव्हता. भाजीवालीशी, बँकेत, सगळीकडे मी तीच बाई. खरं तर मला रागवायला आवडत नाही. मी लहानपणापासून तुमच्या रागाला घाबरणारी मुलगी, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

या उन्हाळ्यात मागणी इतकी वाढली की आपली रोपं पुरेनात. मी जुन्नरकडच्या एका नर्सरीतून टोमॅटोचे ट्रे आणले आणि त्यांवर आपलं स्टिकर लावलं. माझं बोट उगारलेलं तेच स्टिकर. तुम्ही असतात तर 'रोपं संपली' म्हणून दार लावून घेतलं असतं. मी नाही लावलं. गाड्या रांगेत उभ्या होत्या, घाईगर्दीत ते ट्रे नीट बघायचे राहून गेले.

त्यानंतर महिन्याभरानं ती बाई आली. डिंब्याच्या वरच्या अंगाची, पस्तिशीची असेल. धरणाचं पाणी ओसरलं की कडेला जी गाळाची जमीन उघडी पडते, तिथं तिनं आपल्याकडून रोपं नेऊन पहिल्यांदाच टोमॅटो लावला होता. एरवी त्यांच्याकडे भात आणि नाचणी. डिंबे, घोडेगाव, मंचर अशा गाड्या बदलत, फाट्यापासून चालत ती दुपारी पोचली. ओल्या गोणपाटात दोन झाडं गुंडाळून आणली होती. तिनं ती माझ्यासमोर ठेवली. पानं आखडलेली, शेंडा गोळा झालेला. बघताक्षणी मला कळलं की हा पांढऱ्या माशीनं पसरणारा व्हायरस आहे, आणि तो त्या आणलेल्या ट्रेमधूनच गेलाय. ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, सगळ्या रानात असंच झालंय. काय औषिद मारू?"

सरांच्या फोनवर शूटिंग सुरू होतं. पाच-सहा गिऱ्हाइकं भोवती उभी होती, आणि सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती, आता काय बोलणार म्हणून. मी बोलले. "लावून मोकळं व्हायचं आन मग रडत यायचं! फवारणी केली का येळेवर? माशीला चिकट सापळे लावले का? व्हिडिओ बघता ना माझे? मग ऐकत का नाय?" लोक हसले. तिनं पदर सावरला, झाडं परत गोणपाटात गुंडाळली, आणि म्हणाली, "चुकलंच मग माझं." तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. ती फाटकाबाहेर गेली तेव्हा तिला थांबवायला हवं, एवढं मला कळत होतं. सर म्हणाले, "जबरदस्त, ताई." तिला विचारायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही, आणि संध्याकाळी तो व्हिडिओ लोकांसमोर गेला.

तो सगळ्यात जास्त बघितला गेला, अण्णा. खाली लोकांनी तिच्याबद्दल काय काय लिहिलं ते तुमच्यासमोर लिहवत नाही. आठवडाभरात आणखी दोघांचे फोन आले, तीच पानं, तोच शेंडा. त्यांना मी 'बघते' म्हणाले. जेवण जाईना. मावशी ट्रे धूत होती, तिच्याजवळ जाऊन बसले. मला वाटलं ती काही बोलणार नाही. पण ती मान वर न करता म्हणाली, "अण्णा लई बोलायचे. पर चार माणसांत कुणाला बोलले न्हाईत कधी."

मी म्हणाले, "मला नाही का बोलले? त्या ढोबळीच्या वेळी?"

"तुला टाकीमागं न्हेलं व्हतं. आन आमाला सांगितलं, जरा तिकडच्या वाफ्यावर जावा. ज्याला बोलायचं त्याला टाकीमागं न्यायचे. त्या पावण्यालाबी तुझ्यावतीनं हात जोडले ते सगळ्यांसमोर जोडले."

तुम्ही काय बोललात ते मला पाठ होतं. कुठं बोललात ते मी साफ विसरले होते. पाण्याची ती सिमेंटची टाकी, तिच्यामागची ओल, तुमचा दाबलेला आवाज, सगळं एकदम परत आलं. तुमचा राग मी घेतला, फ्लेक्सवर छापला, आणि त्यातलं जे खरं तुमचं होतं ते टाकीमागंच राहून गेलं.

मी सरांना तो व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. ते म्हणाले, "ताई, काढून टाकू, पण कुणाची माफी वगैरे मागू नका. तुमचं नाव खरं बोलणारी म्हणून आहे. एकदा चुकलं म्हणालात की ते नाव संपलं." एक मोठी कंपनी आपली रोपं जिल्हाभर विकायचा करार करणार होती, त्याच आठवड्यात सह्या होत्या. "निदान सह्या होईपर्यंत थांबा." मी थांबले नाही, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

पत्ता बिलाच्या पुस्तकात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअपमध्ये चांगल्या रोपांचे ट्रे घालून मी एकटीच डिंब्याला गेले. तिचं घर विचारलं तर चहाच्या टपरीवरचा माणूस हसून म्हणाला, "व्हिडिओवाली का?" त्यानं मला ओळखलं नव्हतं. मी डोक्यावरून पदर घेतला होता.

ती अंगणात नाचणी पाखडत होती. मला बघून उठली नाही. कडेला उपटलेल्या टोमॅटोचा ढीग वाळत पडला होता, काठ्या मात्र नीट मोळी बांधून ठेवलेल्या. मी उभ्यानंच सांगितलं की रोपं आमची नव्हती, बाहेरून आणलेली होती, बघायची राहिली, चूक माझी आहे, तुमची काहीच नव्हती. गाडीत नवी रोपं आहेत, ती घ्या. तिनं पाखडणं थांबवलं नाही.

"रोपं नकोत. येळ गेली," ती म्हणाली. "टमाट्याचं काय, गेलं ते गेलं. घोडेगावच्या बाजारात बायका बोट करून दाखवत्यात. माझी पोरगी साळंत गेली तर तिला म्हंत्यात, तुझ्या आईला कशी झापली. दोन आठवडं झालं, मी बाजारला गेले न्हाई."

मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल ते मी करते."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "तुमी त्वांडावर खरं बोलता म्हनून मी एवढ्या लांब आले व्हते. जवळ घोडेगावात नर्सरी न्हाई का? जितं बोललात तितंच बोला. माझ्या अंगणात येऊन बोलल्याचं कुणाला ऐकू जातंय? आन माझं नाव घेऊ नका, मला दाखवू नका."

मी रोपं तशीच घेऊन परत आले. त्या दिवशीच मी व्हिडिओ केला. सर नव्हते, फोन ट्रेच्या रॅकवर टेकवून मीच केला. बाहेरचे ट्रे आपले म्हणून दिले, ते रोगी निघाले, आणि जी बाई विचारायला आली तिच्यावरच मी आवाज चढवला, हे सांगितलं. त्या ट्रेची रोपं ज्यांनी नेली त्यांनी यावं, दुसरी नेऊन लावावीत, असंही सांगितलं. कंपनीनं सह्या पुढं ढकलल्या, त्या अजून झाल्या नाहीत. सरांनी काम सोडलं, भांडण न करता. फ्लेक्स मी आणि मावशीनं मिळून उतरवला. त्या ट्रेवाले शेतकरी आले. काही निमूट रोपं घेऊन गेले, दोघांनी फाटकात उभं राहून शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या. निम्मे रॅक आता रिकामे आहेत. ती बाई पुन्हा आली नाही, पण मावशीच्या भाचीनं तिला घोडेगावच्या बाजारात बघितलं, मुलीसोबत. मावशीनं हे मला सांगितलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

लोक म्हणतात, नर्सरीवाल्या बाईनं मन मोठं केलं. अण्णाची पोर शोभते, असंही एक म्हातारा परवा म्हणाला. म्हणूनच हे पत्र. पाठवायचा पत्ता असता तरी आज मी ते पाठवलं नसतं, कारण वर तुम्हाला लिहिलंय, तिला अंगणात सांगितलंय आणि व्हिडिओतही सगळ्यांना सांगितलंय की घाईगर्दीत ट्रे बघायचे राहून गेले. तसं झालं नव्हतं. जुन्नरकडच्या त्या नर्सरीत पहिला ट्रे मी स्वतः उचलून हलवला होता. त्यातून पांढरी माशी उडाली, अण्णा. मी ती बघितली, आणि गाडी भरा म्हणाले.