चक्रिका कुणाची

गोरखी, लष्कर, ग्वाल्हेर
रविवार, १० नोव्हेंबर २०२४, सकाळी ७.४०

तीर्थस्वरूप दिनकरमामा यांस हेमेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

आत्ता तुमच्या 'गगनदल' कॉमिकचा तेरावा अंक उघडून सुटलेल्या पानांना खळ लावत होतो. फोनवर हा विषय काढला की तुम्हाला ऐकू येईनासं होतं, म्हणून पत्र.

पुण्याच्या प्रकाशिका हर्षिताताई १९८६ ते ९१ चे सगळे एक्केचाळीस अंक पुन्हा छापणार आहेत. पहिल्या अंकात चार वीर होते, सहाव्यात पाचवा आला, तेराव्यात चक्रिका आली आणि खप दुप्पट झाला, हे मी त्यांना महिन्यांसह लिहून दिलं. पण दिल्लीच्या जुन्या मालकांचा मुलगा म्हणतो की चक्रिका त्यांच्याच कचेरीत जन्मली, बाहेरचे चित्रकार नुसते हात चालवायचे. अंकांवर नाव तर फक्त मालकांचं. तीस तारखेपर्यंत लेखी पुरावा मिळाला नाही, तर तिचे जनक म्हणून तुमचं नाव छापता येणार नाही. एखादं पत्र, पावती, काहीही आहे का? माझ्याकडे सोळावा सोडून सगळे अंक आहेत, तीनदा मोजले. आई म्हणते, एवढं लक्ष नववीत दिलं असतंस तर शाळा सुटली नसती.

आहे ती माया कमी होऊ देऊ नये.

आपला,
हेमेंद्र

इंदूर
१५ नोव्हेंबर

चि. हेमेंद्र यास अनेक आशीर्वाद.

पावती नाही, पत्र नाही, मूळ चित्रंही दिल्लीतच राहिली. आणि मला नावही नको. उलट तेरावा अंक गाळता आला तर त्या बाईंना सांग.

कारण ऐक. संपादकांनी कळवलं की चक्रिकेची पहिली लढाई मुंबईत हवी. मी मुंबई पाहिलेलीच नव्हती. आपल्या ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर बसलो आणि दिसलं ते काढलं. घड्याळाचा मनोरा, गोल चौक, सवारीचे टेम्पोसुद्धा. खाली समुद्र जोडला. दिल्लीत कुणाला कळलं नाही, पण मुंबईच्या वाचकांना कळलं. सोळाव्या अंकात त्यांचं पत्र छापणार असं समजलं, तेव्हा तो अंक मी उघडलाच नाही. तुझी मामी मला पुढे वर्षभर मुंबईकर म्हणून हाक मारायची. अंतरा आपल्या बापाची बाजू घेईल असं वाटलं होतं, तर तीही आता हे वाचून हसते आहे.

खोकला कसा आहे? आईला नमस्कार सांग.

तुझ्या भल्याची वाट पाहणारा,
मामा

लष्कर
गुरुवार, २१ नोव्हेंबर, दुपारी ३.१०

ती. स्व. मामांस सा. न.

दुकान अर्धा दिवस बंद ठेवून इथल्या हजिऱ्याच्या रद्दीबाजारात गेलो होतो. चार रद्दीवाले झाले. पाचव्याने, या वयात कॉमिक, भैया, म्हणून टोमणा मारला, पण गठ्ठा सोडू दिला. सोळावा अंक मिळाला! मागची दोन पानं कुरतडलेली आहेत, वाचकांची पत्रं शाबूत आहेत.

दादरच्या कुणा वाचकाने विचारलंय की ही मुंबई कुठली, इथे आमची बस थांबत नाही. त्याखाली संपादकांचं उत्तर आहे, जसंच्या तसं उतरवतो: 'क्षमा करें। चक्रिका हमारे ग्वालियर के चित्रकार दिनकरराव जी की ही कल्पना है, और यह बंबई भी।'

मामा, ज्या पानाला तुम्ही सदतीस वर्षं भ्यायलात, त्याच पानावर तुमचं नाव आहे, आणि तेही मालकांच्याच छापखान्यातून निघालेलं. फोटो हर्षिताताईंना पाठवला. अंक रजिस्टरने पाठवू की स्वतः नेऊ, याची काळजी लागली आहे. तेरावा गाळा असं मी त्यांना कळवलेलं नाही. रागावू नये.

आपला,
हेमेंद्र

इंदूर
३ डिसेंबर

चि. हेमेंद्र यास आशीर्वाद.

काल हर्षिताबाईंचा फोन आला, आणि सगळं ऐकू आलं. दिल्लीवाल्यांनी मान्य केलं. चक्रिकेच्या प्रत्येक अंकात आतल्या पानावर माझं नाव येईल. ते कसं छापायचं विचारत होत्या, तर एकाहत्तर वर्षं वापरलेलं नाव मला पटकन सांगता येईना. अंतराने फोन घेऊन सांगितलं.

नवं मुखपृष्ठही मीच काढावं म्हणतात. मी म्हटलं, हात कापतो. त्या म्हणाल्या, चक्रिका वाऱ्यातच उडते, चालेल. बाई वस्ताद आहे.

तेव्हा या खेपेला मी आधी मुंबई बघणार. अंतरा जानेवारीची तिकिटं काढते आहे, तुझंही काढायला सांगितलंय. समुद्राजवळ मी काढत बसलो की तू शेजारी थांब, आणि एकेक इमारत तीनदा मोज.

तुझा,
मामा