वासरू पन्नास मिनिटं पितंय

३ फेब्रुवारी १९८६, सकाळी ७
चंद्री व्याली. कालवड झाली! बायको लता येवल्याला, भाच्याच्या बारशाला. गाय चार दिवस आधीच मोकळी झाली, म्हणजे सगळं माझ्यावर. चिंता नाही. अंबडच्या कारखान्यात अकरा वर्षं इन्स्पेक्शनला आहे. केसाएवढी चूक पकडतो, वासरू नीट पितंय की नाही एवढं कळणार नाही? नवं रजिस्टर आखलं. रकाने तीन: वेळ, मिनिटं, शेरा.

सकाळी ९
लतानं जाताना बजावलं होतं, आधी वासराला पोटभर चीक पाजा, मग खरवसाचं बघा. मान्य. पण सेक्शनमधल्या नऊ जणांना मी महिन्यापूर्वीच कबूल केलंय. दहावे आमचे साहेब. शिवाय पहिलं दूध जड, एवढ्याशा पोटाला बाधायचं. म्हणून आधी मी पिळून घेतलं, मग वासरू सोडलं. ३५ मिनिटं चोखलं. शेरा: उत्तम.

४ फेब्रुवारी
खरवस वाटला. फोरमन म्हणाला वेलदोडा कमी पडलाय. खाल्लं मात्र सगळं.
आजही आधी धार काढली, मग वासरू सोडलं. ४२ मिनिटं. या सडावरून त्या सडावर, आणि कासेला धडाधड ढुशा. काय ताकद!
शेजारच्या नवसाबाई कुंपणावरून म्हणाल्या, गोरक्षभाऊ, पोटात दूध गेलं की वासरू गप पडतं, हे तर लय वरडतंय. जन्म गेला त्यांचा गोठ्यात, पण कधी रजिस्टर ठेवलंय?

५ फेब्रुवारी, सकाळी ८
पन्नास मिनिटं! रेकॉर्ड.
साहेब खरवसाचे राहिले होते, त्यांचा चीक आज काढला, डबाभर. तिसऱ्या दिवसाचा, जरा पातळ आहे. साखर जास्त घालू.

दुपारी १२
ओरडणं बंद. मान टाकून शांत पडलंय. तृप्त. नवसाबाईंना मुद्दाम हाक मारली, या म्हटलं, बघा.

१२.३०
त्यांनी वासराच्या तोंडात बोट घातलं. तोंड गार पडलंय म्हणाल्या. मग माझा हात धरून त्याच्या कुशीवर ठेवला. बरगड्यांमागे खड्डा. हे रिकामं हाय भाऊ, तीन दिस नुसती रिकामी कास चोखतंय, उपाशी मरंल. चीक हाय का घरात? मी म्हटलं, आहे, पण तो साहेबांचा. त्यांनी हात पुढे केला.
डबा आणून दिला. कोमट पाण्यात धरायला लावला त्यांनी. फार घाबरलो होतो. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.
चिकात बोटं बुडवून चोखायला देत होत्या. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही. मग जीभ हलली.

संध्याकाळी ५
आज शिफ्ट बुडवली. उठलं! धार न काढता गाईला लावलं. शेपटी हलवत प्यायलं, घटाघटा आवाज, तोंडाला फेस. आणि सहा मिनिटांत सोडून झोपलं. फक्त सहा! कुठे पन्नास, कुठे सहा. परत उठवायला निघालो तर नवसाबाईंनी मनगट धरलं. पोट भरलं की सोडून देतं म्हणाल्या, तासभर चोखतं त्याला मिळत नसतं.
तरी मिनिटं मोजण्यात माझी चूक नव्हती.

६ फेब्रुवारी
साहेबांनी खरवसाची चौकशी केली. गाईला बरं नाही म्हटलं. गाय ठणठणीत आहे.
वासरू दिवसभर पितं नि झोपतं. कूस भरलेली. घरी असलो की दर तासाला हात लावून बघतो, कारण आता लक्षण ठाऊक आहे.

७ फेब्रुवारी, दुपारी
लता आली. नवसाबाईंनी तिला फाटकातच गाठलं. बऱ्याच वेळानं आत आली, रजिस्टर मागितलं. ३५, ४२, ५०. मी रकान्यांची मांडणी समजावून सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, उद्यापासून धार मी काढीन, तुम्ही शेण काढा. साहेबांना काय सांगू, विचारलं. तिनं शेणाचं घमेलं माझ्या हातात दिलं.
आत्ता गोठ्यात आहे. कालवड पाच मिनिटं प्यायली आणि माझ्या पावलांवरच अंग टाकून झोपली. चांगली गरम लागतेय. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, धूर वगैरे काही नव्हता. लता म्हणाली, हलू नका, झोपू दे तिला.
सेकंड शिफ्ट चुकणार. उभ्यानंच लिहितोय. पण न हलणं मला चांगलं जमतंय.