जिवंत माणसाचं पातळ

आई, दारव्ह्याला आता जुन्या कपड्यांचं दुकान निघालं आहे आणि दर बाजाराच्या दिवशी दुपारची मी त्यात बसते. हसू नकोस. यवतमाळच्या एका संस्थेनं ते काढलंय. लोकांनी वापरलेले कपडे आणून द्यायचे, ते धुऊन-इस्त्री करून थोडक्या पैशांत विकायचे, आणि जे येईल ते मुलींच्या शिक्षणाला. दारावर हिरवी पाटी आहे: ‘शाश्वत फॅशन. जुनं घाला, पृथ्वी वाचवा.’ आपल्या घरात थोरल्याचा सदरा धाकट्याला आणि धाकट्याचा फडक्याला जात आला. तू त्याला काटकसर म्हणायचीस, काकू दळभद्रीपणा म्हणायची. पृथ्वी वाचते आहे हे दोघींनाही कोणी कळवलं नव्हतं. मी पेपरात टोचून लिहिते म्हणून उद्घाटनाला चार शब्द बोलायला मला बोलावलं. मी चाळीस बोलले. त्याची शिक्षा म्हणून गल्ल्यावर बसवलं. कापसाच्या मुलखातलं दुकान, आणि कपाटं उघडावीत तर सगळं नायलॉन.

दुकान बघणारी मुलगी यवतमाळची, फार उत्साही. तिनं प्रत्येक कपड्याला एक चिठ्ठी अडकवली होती, त्या कपड्याची गोष्ट सांगणारी. ‘हा ड्रेस एका शिक्षिकेनं प्रेमानं वापरला.’ पहिल्याच दिवशी दोघीजणींनी तो ड्रेस उलटापालटा केला आणि एक म्हणाली, ‘हा तं त्या मराठीच्या मॅडमचा होय. म्हणून काखेत उसवला.’ संध्याकाळपर्यंत चिठ्ठ्या उतरल्या. गिऱ्हाइकाला गोष्ट नको असते. त्याला एकच विचारायचं असतं, आणि तेही कपड्याला हात लावण्याआधी: ‘मेलेल्या माणसाचे तं नाही न, बाई?’ तसे आम्ही घेतच नाही, देणाऱ्याला विचारून घेतो. मी सांगते, ‘सगळे जिवंत आहेत हो, फक्त जाड झालेत.’ बाया हसतात, मग हात लावतात.

पावसाळा संपता संपता एका बाजारी एक बाई आली. माझ्याच वयाची असेल, पण उन्हातान्हानं माझ्याहून थोरली दिसणारी. जवळच्याच गावची; जीपमधून उतरून पिशवीसकट थेट आत. सगळे हँगर एकेक करून चाचपले आणि म्हणाली, ‘बाई, सुती पातळ हाये काय? जुनं. धुऊन धुऊन मऊ झालेलं.’ मी म्हणाले, नेसायला? ‘मले कायले पाह्यजे आता. पोरीले सातवा लागला. लेकरू झालं का गुंडाळाले पाह्यजे.’ तुला हे समजावून सांगायला नको. पहिल्या दिवसांत बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. जिची लेकरं जगली अशा एखादीचं मऊ पातळ फाडून त्याची दुपटी करतात. मी आपली शहाणपणानं विचारते, तुमचंच एखादं नाही का? ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाली, ‘माहे दोन जगले नाही. अन् पोरीचं पहिलं सव्वा महिन्याचं होऊन गेलं. माहं कसं देऊ?’ मग गावात कोणाचं? ‘गावात मागतलं का बाया तोंड फिरवते. त्याइले वाटते, आपल्या लेकराइचं नशीब जाईन. अठी कोणी वळखत नाही, म्हणून आली.’

पृथ्वी वाचवण्याच्या नादात आम्ही कोणाच्या उपयोगी पडू, असं मला तोवर वाटलं नव्हतं. मी तिला म्हणाले, पुढच्या बाजारी या.

तुझं चॉकलेटी पातळ माझ्या कपाटात होतं. तुझ्या तेरवीला काकूनं तुझे सगळे कपडे वाटून टाकले, अगदी पोलकी, परकरसुद्धा. घरात ठेवायचे नसतात म्हणाली. हे एकच वाचलं, कारण त्याला कपडा म्हणून कोणी मोजलं नाही. ते गच्चीवर पसरलं होतं आणि त्यावर मुंगवड्या वाळत होत्या. त्या तूच घातल्या होत्यास, यवतमाळच्या दवाखान्यात नेलं त्याच सकाळी. रिक्षात बसता बसता तू मला म्हणालीस, ‘पाखरं हाकलत राहाजो.’ मी हाकलत राहिले. तू गेल्याची खबर आली तेव्हाही मी गच्चीवरच होते. मुंगवड्या डब्यात भरल्या, पातळ झटकलं, आणि डाळीचे पिवळे ठिपके काही निघाले नाहीत. तेव्हा तू आत्ताच्या माझ्यापेक्षा लहान होतीस. इतकी वर्षं ते पातळ मी नेसले नाही, उसवलं नाही, कोणाला दाखवलंही नाही. कापड ते कापडच, मेलेल्याचं आणि जित्याचं एकाच सुताचं, असं मी दोनदा छापून आणलंय. आणि तुझं पातळ मात्र कुलपात.

पुढच्या बाजारी ती आली. मी पातळ पुढं केलं. तिनं ते गालाला लावून बघितलं, मग ठिपक्यांवर बोट ठेवलं. ‘हे कायचे?’ मुंगवड्यांचे. ‘कोणाचं होय?’ माझ्या आईचं. ‘लेकरं किती?’ तिघं. ‘सारे हायेत?’ मी म्हणाले, सगळे आहेत, एकमेकांशी बोलत नाहीत, पण आहेत. ती पहिल्यांदा हसली. मग पातळाची घडी छातीशी धरून तिनं हळूच विचारलं, ‘अन् माय? जित्ती हाये ना?’

दुकानात कोणी नव्हतं. दोन उत्तरं होती. एक खरं होतं, आणि ते दिलं असतं तर तिनं पातळ परत ठेवून रिकाम्या हातानं जीप धरली असती. मी ‘आहे’ म्हणाले.

पाचवीत असताना गृहपाठ केला नाही म्हणून मी गुरुजींना सांगितलं होतं, आईला ताप आहे. तुला ते बाजारात कळलं. घरी आल्यावर तू तव्यावरची भाकर उतरवली, चुलीतली लाकडं मागं ओढली आणि मला समोर बसवून म्हणालीस, ‘माह्या नावानं खोटं बोलू नको. बोललेलं लागते.’ मारलं नाहीस, म्हणून लक्षात राहिलं. तेव्हा मी तुला ताप चिकटवला होता. बोललेलं खरंच लागत असतं तर या खेपेचं लागलं तरी चाललं असतं.

पण पुढचे चार महिने माझी पाचावर धारण बसली होती. अंधश्रद्धेवर लिहून लोकांना हसवणारी मी, बाजाराच्या दिवशी जीप थांबल्याचा आवाज आला की कपाटामागं काहीतरी आवरायला जायची. त्या बाळाला काही झालं असतं, तर ते कशानं झालं हे मला ठाऊक होतं. मी कितीही लेख लिहिले असते तरी. लेकीच्या बाळंतपणाला सव्वा महिना उलटल्यावर ती आली. ‘नात झाली. चांगली हाये. रडते लय.’ मी गल्ल्याचा ड्रॉवर उगाच उघडला, बंद केला. आणि मग ती म्हणाली, ‘लेकरू मायच्या पायावर घालाचं हाये. घर कोठी हाये तुमचं?’

याचा विचार मी केला नव्हता. मी सांगितलं, आई जिल्ह्याच्या पार टोकाला, झरी जामणीला माझ्या भावाकडे गेली आहे, तिकडं फोन लागत नाही. भाऊ पुण्यात आहे आणि त्याला झरी नकाशावर दाखवावी लागेल, ही गोष्ट वेगळी. ‘मंग कवा येईन?’ गुडघे दुखतात तिचे, मी म्हणाले, जीपमध्ये चढवत नाही. पुढच्या बाजारी तिनं निरगुडीचा पाला आणून दिला, शेकायला. त्याच्या पुढच्या खेपेला अंबाडी. ‘मायले धाडा, नाही तं तुमी खा, पण तिच्या नावानं खा.’ मी ती कण्या घालून शिजवली, तुझ्यासारखी, आणि ओट्याशी उभ्यानंच खाल्ली. पाला अजून खिडकीत वाळतो आहे.

कालच्या बाजारी तिनं तुला निरोप दिला: ‘मायले सांगजा, पोरगी पालथी पडाले लागली.’ तो सांगायला हे लिहायला बसले. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, हे मलाही कळतं. ती विचारील, निरोप पोचला का, आणि मी हो म्हणेन. पोरगी धोक्याबाहेर आहे, पातळाची दुपटी कधीच झाली, आता खरं सांगितलं तर ती फार तर मला चार शिव्या देईल. तरी सांगितलं नाही, आणि ते आता बाळासाठी नाही. आम्ही तिघं भावंडं वर्षातून एकदा फोनवर भेटतो, तेव्हा वाटणीबद्दल बोलतो, तुझ्याबद्दल नाही. पुऱ्या तालुक्यात तुझी तब्येत विचारणारं ते एकच माणूस आहे. काल तिनं विचारलं तेव्हा ‘बरी आहे’ एवढ्यावर मला थांबता आलं असतं. मी म्हणाले, ‘बरी आहे, पण आताशा जेवण कमी झालंय,’ आणि तिची जीप सुटेपर्यंत आम्ही दोघी तुझ्या जेवणाबद्दल बोलत बसलो.