आधाराची दांडी

२ जानेवारी, सकाळी ७.१०
नवी वही. मागच्या वर्षीची वही भरली नाही, पण नव्या कामाला नवी वही हवी. काम असं की एकोणीस वर्षं मासिकात दुसऱ्यांची प्रुफं तपासली, आणि आता ‘पाहावं असं घर’ हे सदर माझ्याकडे आलं. सदर लिहिणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली. संपादकबाई म्हणाल्या, तात्पुरतं तुम्ही बघा. तात्पुरतं हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. मला टेन्शन येऊ नये म्हणून असणार.
संकल्प: महिन्याला निदान एक घर. वर्षअखेर पुस्तक. आणि बघितलेल्या घरांतून शिकून आपलंही घर तसंच करणं. सुरुवात बाथरूमपासून. परवा बाबा येतायत, आता कायमचे. ताईचा फोन होता. म्हणाली, त्यांचा तोल जातो, ते यायच्या आत बाथरूमच्या भिंतीला आधाराची दांडी बसवून घे. म्हटलं, हे काय सांगायला हवं? अर्ध्या तासाचं काम.

५ जानेवारी
काल बाबा आले. एक बॅग, एक छत्री, एक रेडिओ. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस एवढ्याशा सामानात मावतो याचं वाईट वाटलं. मग लक्षात आलं की याला मिनिमल म्हणतात. लेखात वापरता येईल.
दांडी राहिली. म्हणजे दुकानात गेलो होतो. दाखवली ती बसच्या दारात असते तसली, चकचकीत स्टील. आपल्या टाइल्स राखाडी. असली वस्तू घरात आणणाऱ्यानं घरांवर लिहू नये. दुकानदार म्हणाला, साहेब, पडणारा माणूस रंग बघत नाही. मी नुसता हसलो. समाजाला या सदराची किती गरज आहे ते कळलं.
ही म्हणाली, तीच आणायची होती. बाबा म्हणाले, घाई नाही. घाई नाही हे त्यांनी स्वतः सांगितलं, नोंद करून ठेवतो.

११ जानेवारी
पहिलं घर. घर एका आर्किटेक्टचं, स्वतः डिझाइन केलेलं. सगळं पांढरं. हॉलमध्ये एक खुर्ची, तीही बसायची नाही. कपडे कुठे ठेवता विचारलं तर त्यांनी भिंतीला बोट लावलं आणि भिंत उघडली. तोंडात बोट घालायची वेळ आली, पण मी प्रतिनिधी म्हणून गेलो होतो, म्हणून नुसती मान हलवली.
आमचा फोटोग्राफर या कामात मुरलेला, कायम जांभया देणारा माणूस. त्याची पद्धत ठरलेली आहे. फोटोआधी औषधं, चार्जर, चपला, भाजीची पिशवी, माणसं वापरतात ते सगळं उचलून बाथरूममध्ये टाकायचं आणि दार लावायचं. मला म्हणाला, मी काम करत असतो तेवढा वेळ कुठल्याही घरातलं खरं घर बाथरूममध्ये असतं. वाक्य बरं होतं. पण फोटोग्राफरनं लिहिणं बरोबर नाही, म्हणून वापरणार नाही.
आर्किटेक्टच्या आई, बायको आणि मुलं स्वयंपाकघरात दाटीवाटीनं बसली होती. हॉल खराब होऊ नये म्हणून. आईंनी मला तिथेच चहा दिला आणि विचारलं, आम्ही बाहेर कधी येऊ?
निघताना दांडीचा विषय काढला. आर्किटेक्ट म्हणाले, दांडी दांडीसारखी दिसता कामा नये, ती भिंतीतून उगवल्यासारखी वाटली पाहिजे. अंगावर काटा आला. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, उगवेपर्यंत बाबांनी काय करायचं?

१९ जानेवारी
बाथरूमचा नळ खिळखिळा झाला. प्लंबर आला, आवळून गेला. हल्ली नळांचा दर्जा अगदीच घसरलाय.
लेख दिला. बावीसशे शब्द. संपादकबाईंनी वजन बघितल्यासारखा हातात तोलला. चांगलं लक्षण.

२ फेब्रुवारी
दुसरं घर, दुमजली. इंटिरियर डिझायनर बाईंनी केलेलं. जिन्याला कठडाच नाही. पायऱ्या भिंतीतून निघून हवेत थांबतात. बाई म्हणाल्या, कठड्यानं नजर अडते. सुंदर. शेजारच्या भिंतीवर मात्र खांद्याच्या उंचीवर खालपासून वरपर्यंत तेलकट पट्टा पडलेला. चढताना सगळे भिंत धरतात. फोटोग्राफर म्हणाला, कॉम्प्युटरवर पुसतो.
घराच्या मालकीणबाई हळूच म्हणाल्या, गुडघ्यामुळे मी सहा महिन्यांत वर गेले नाहीये, वरचे फोटो छापून आले की दाखवा. हे लेखात घेतलं तर डिझायनर बाई दुखावतील. नाही घेतलं.
जिने चढून पाय गेले. आल्या आल्या आडवा झालो. बाबांनी स्वतः उठून पाणी आणून दिलं, भिंतीला धरत धरत. आपल्याकडेही पट्टा पडणार. धुता येणारा रंग लावायला हवा.

८ फेब्रुवारी, दुपारी १
दांडीची तीन सॅम्पल्स मागवली. मॅट पितळ, काळी, सागवान. टेबलावर ओळीनं मांडून ठेवलीत, वेगवेगळ्या उजेडात बघतोय. पितळ सकाळी छान दिसतं, संध्याकाळी उदास. सागवानाला पाणी लागेल. काळीला काहीच दोष नाही, त्यामुळे ती नीरस वाटते. बाबांना विचारलं, कुठली आवडते? त्यांनी तिन्ही हातात धरून, दाबून बघितल्या. म्हणाले, धरायला तिन्ही सारख्याच आहेत. ही म्हणाली, सॅम्पल्स निदान बाथरूममध्ये तरी नेऊन ठेवा.
घरात कुणालाच डोळा नाही. दमायला होतं.

१४ फेब्रुवारी
नळ तिसऱ्यांदा. या खेपेला प्लंबरनं सांगूनच टाकलं, नळात काही दोष नाही, आजोबा स्टुलावरून उठताना नळाला धरून उठतात, ओढ बसते. मला वाटलं होतं त्याला स्वतःचं काम जमत नाही म्हणून सबब सांगतोय. बाबांना विचारलं. ते रेडिओ लावत होते. म्हणाले, कधीकधी धरतो. मग थोड्या वेळानं म्हणाले, नळाची जागा चांगली आहे, हाताशी येतो. आणि नळाची भरपाई कशी करू असं काहीतरी पुटपुटले.
वाईट वाटलं. खरंच वाटलं. चहा प्यायलो नाही.
संकल्प: याच आठवड्यात दांडी. डिझाइन गेलं खड्ड्यात.

२० फेब्रुवारी
आठवडा संपायला एक दिवस बाकी आहे. डिझाइन खड्ड्यात जाईना.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी ५
तिसरं घर. संपादकबाईंच्या ओळखीतून. चित्रकला शिकवणाऱ्या बाई, आता निवृत्त. घर जुनं, साधं, पण खिडक्या अशा की उजेड आत येऊन बसतो. यजमानांना जवळजवळ दिसत नाही. म्हणून बाईंनी घरभर, कमरेच्या उंचीवर, एक जाड दोरी बांधलीय. पलंगापासून बाथरूम, बाथरूमपासून खिडकी, खिडकीपासून स्वयंपाकघर. कुठे वळायचं तिथे गाठ. दोन गाठी आल्या की पायरी. आजोबा दोरीवरून हात सरकवत घरभर हिंडतात, स्वतःचा चहा स्वतः करतात, आणि आम्हालाही करून दिला.
फोटोग्राफरनं सवयीनं दोरी सोडली. गुंडाळून बाथरूममध्ये टाकली. मीच म्हणालो होतो की फ्रेममध्ये दोरी खटकते.
दीड तास काम चाललं. खिडक्या अप्रतिम आल्या. मग आजोबांकडे लक्ष गेलं. ते दीड तास एकाच खुर्चीत, हात मांडीवर ठेवून बसले होते. मधे एकदा हात पुढे करून हवेत चाचपून बघितलं आणि हात परत मांडीवर ठेवला. मी ते बघितलं होतं. खिडकीचं माप लिहून घेत होतो.
बाई रागावल्या नाहीत. दोरी परत बांधताना म्हणाल्या, तुम्ही घर बघायला आलात आणि घरच सोडून ठेवलंत. गाठी मारायला फोटोग्राफर बसला. मीही बसलो, पण माझी गाठ सुटत होती, त्यांनी मला उठवलं.
उद्या दांडी. उद्या म्हणजे उद्या.

२७ फेब्रुवारी
दांडी केली! म्हणजे ऑर्डर केली. आर्किटेक्टना फोन केला. ते म्हणाले, माझा सुतार सागवानी करून देईल, पाणी न लागणारं पॉलिश, भिंतीतून उगवल्यासारखी. उंची किती ठेवायची ते मोजून कळवा. मी बाथरूममध्ये जाऊन उभा राहिलो, हात सहज कुठे जातो ते बघितलं, लगेच कळवलं. सहा आठवडे लागतील. इतके दिवस थांबलो त्याचं सार्थक झालं.
बाबांना सांगितलं. म्हणाले, बरं. हिला सांगितलं. ही भाजी निवडत राहिली. मतभेद संपले.

३ मार्च
अंक आला. बावीसशे शब्दांतून तीन ओळी राहिल्यात, फोटोखाली. ‘पांढऱ्या रंगाची किमया. मोकळी जागा. उघडणारी भिंत.’ खाली नाव फोटोग्राफरचं. प्रुफं मीच तपासली होती. तेव्हाही तीनच ओळी होत्या, पण मला वाटलं बाकीचं पुढच्या पानावर असेल.
थकवा आलाय. पुस्तकाला मात्र यामुळे जास्त मजकूर शिल्लक राहिला.

१८ मार्च, सकाळी ८.४०
बाबा बाथरूममध्ये खाली बसलेले सापडले. पडलो नाही, बसलो, असं म्हणतात. नळ तुटून हातात आलेला, पाणी सगळीकडे. कोपर सोललंय, कमरेला मुका मार. डॉक्टर म्हणाले, हाड वाचलं, नशीब. बाबांनी तुटलेला नळ माझ्याकडे दिला आणि म्हणाले, हा काही आता दुरुस्त व्हायचा नाही.
मला त्यांना नीट उठवतासुद्धा आलं नाही, कुठे धरायचं ते कळेना. हिनं धरलं.
मग हिनं ताईला फोन लावला. मला न विचारता.

२१ मार्च
ताई आली. मला ओरडली नाही. बाथरूममध्ये गेली, भिंतीवरून हात फिरवला, बाहेर आली. टेबलावर तिन्ही सॅम्पल्स तशीच होती, ती बघितली. म्हणाली, बाबांना थोडे दिवस घेऊन जाते. मी म्हटलं, अगं दांडी येतेय, तीन आठवड्यांत. म्हणाली, येऊ दे की. थोडे दिवस हा शब्दही तिनं दोनदा उच्चारला.
हवापालट होईल. चांगलंच आहे.
निघताना बॅग, छत्री, रेडिओ. बाबा दारात थांबून म्हणाले, माझ्यासाठी टाइल्स फोडू नकोस रे, चांगल्या आहेत. ताईनं त्यांचा एक हात धरला होता, दुसरा त्यांनी चौकटीवर ठेवला होता. मी बॅग उचलली. तेवढंच सुचलं. स्टूल इथेच राहिलं.

२ एप्रिल
सदर लिहिणाऱ्या बाई पुढच्या सोमवारपासून रुजू होतायत. संपादकबाई म्हणाल्या, तुम्ही वेळ निभावून नेलीत. दोरीच्या घराचा लेख मी दोरीसकट परत लिहून दिला होता. तो मिळाला, पण खिडक्यांचे फोटो आधीच छपाईला गेलेत. त्यांत दोरी नाही, त्यामुळे लेख जुळत नाही म्हणाल्या. बरोबरच आहे.

९ एप्रिल, सकाळी ११
दांडी आली. सुतारानं स्वतः येऊन बसवली. चहा धरून वीस मिनिटं. टाइल एकही फुटली नाही. आणि खरोखर, भिंतीतून उगवल्यासारखी दिसते. मी दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं, तसूभर हलली नाही. ही दारात उभी राहून बघून गेली. छान आहे म्हणाली. तिचा आवाज चिडलेला असता तर बरं झालं असतं.
लगेच ताईकडे फोन लावला. बाबांना म्हटलं, दांडी बसली, आता कधीही या. त्यांना आनंद झाला. सागवानी का, म्हणाले. मग विचारलं, उंचीला किती घेतलीस? मी सांगितलं. ते म्हणाले, मी स्टुलावर बसलो की ती माझ्या डोक्याच्या वर जाईल रे. मला ती बसून उठायला लागते. तुझ्या उंचीनं घेतलीस का?
हो म्हटलं.
असू दे, म्हणाले. पुढे तुला होईल.
मग ताईशी बोललो. तिच्याकडे दाजींनी बाबा पोचायच्या आदल्या दिवशीच दांडी बसवली होती. कसली म्हणून विचारलं. म्हणाली, कसली म्हणजे? बसमध्ये असते तसली. गार लागते म्हणून बाबांनी तिला जुन्या बनियनची पट्टी गुंडाळलीय. आता एकटे आंघोळ करतात, आत रेडिओ नेतात, आणि तासभर बाहेर येत नाहीत.
बाबांनी आजवर आमच्याकडे आंघोळीला कधी रेडिओ नेला नव्हता. हात मोकळा नसायचा.

१३ एप्रिल
ऑफिस. प्रुफं. पुढच्या अंकातल्या खिडक्यांच्या फोटोंखालच्या ओळी तपासल्या. चूक नव्हती. फोटोग्राफर टेबलापाशी येऊन गेला. रविवारी त्या बाईंकडे दोरी तपासायला गेलो होतो, म्हणाला, माझ्या गाठी टिकल्यात.

१५ एप्रिल, सकाळी ७.१०
स्टूल माळ्यावर टाकायला घेतलं, मग नको वाटलं, परत जागेवर ठेवलं. आंघोळ केली. दांडीवर ओला टॉवेल टाकला. टॉवेलाला उंची बरोबर आहे.