बिनतारखेचं पाकीट

मॅकलरी फेरी, पेनसिल्व्हेनिया
रविवार, १२ जानेवारी

लेना, माझ्या पोरी,

तुम्हा तिघांना आईचं भरभरून प्रेम. इथे सगळं ठीक आहे, म्हणजे छप्पर गळत नाही आणि तळघरातला बॉयलर चालू आहे. नदी कडेकडेने गोठली आहे. शेजारची लोरेन दर दोन दिवसांनी सूप आणून देते, आणि मी ते खाल्लं की ओतलं हे बघायला भांडं न्यायच्या निमित्ताने पुन्हा येते. गुरुवारी चर्चच्या तळघरात बटाट्याचं सारण भरून पिरोगी वळायला गेले होते. तीनशे वळल्या, एकही फुटली नाही. तेव्हा आईचे हात अजून शाबूत आहेत असं समज.

इनेसचा फोटो मिळाला. नातीचा पुढचा दात पडलेला बघून हसू आलं. हनुवटी अगदी आपल्या हुडाकांची आहे, तिच्या बापाला, एफ्राईनला, वाईट वाटलं तरी मी काय करू. फोटो फ्रिजवर लावला आहे.

फोटोच्या मागे तू लिहिलेल्या चार ओळी भिंतीकडे तोंड करून आहेत, पण मला त्या आता पाठ झाल्यात. तुम्ही वीस तारखेच्या आत ग्वाटेमालाला निघताय. नव्या अध्यक्षांचा शपथविधी व्हायच्या आधी. कागद नसलेल्या माणसाने कुणी धरून नेण्यापेक्षा आपल्या पायांनी गेलेलं बरं, असं एफ्राईन म्हणतो. आणि मग शेवटची ओळ: ‘बाबांना माफ करायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आम्हाला हाकलणाऱ्यांत तेही होते.’

त्याच ओळीसाठी हे पत्र लिहायला बसले आहे. ही तिसरी खेप. आधीची दोन फाडून टाकली.

तुला आमची मतदानाची गंमत ठाऊक आहे. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एकदाही एका माणसाला मत दिलं नाही. अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या मतदान केंद्रावर दोघांनी बरोबर जायचं, बाहेर आल्यावर चर्चच्या बायकांच्या टेबलावरून अक्रोडाचा रोल घ्यायचा, आणि तो खाता खाता बाबांनी म्हणायचं, “झालं, तुझं मत मी खाल्लं.” मी म्हणायची, “आणि तुझं मी.” घराची बेरीज शून्य. पुढे मी मतदानाच्या टेबलावर नावं तपासायचं काम घेतलं तेव्हा तर बाबा माझ्यापुढे येऊन उभे राहिले की मी परक्या माणसाला विचारावं तसं मोठ्याने नाव विचारायची. वीस वर्षं त्यांनी मला त्यांचं स्पेलिंग सांगितलं.

मग ती थँक्सगिव्हिंगची दुपार आली. त्यानंतर शून्याला काही गंमत उरली नाही. तू टर्कीचं ताट तसंच ठेवून उठलीस आणि म्हणालीस, “बाबा, एफ्राईनने तुमचं छप्पर शाकारलं, तुम्ही खाली उभं राहून त्याला खिळे दिलेत. आणि मत कुणाला दिलंत?” बाबांनी कारखान्याचं काहीतरी सांगितलं. बंद पडलेला कारखाना, तीस वर्षांपूर्वीची खोटी आश्वासनं. ते खोटं नव्हतं, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तरही नव्हतं. त्यानंतर चार वर्षं तू या घरात आली नाहीस. मी तुला दोष देत नाही. मी त्यांना दिला. रोज दिला, लेना, कॉफीबरोबर.

या वेळी बाबांना ऑक्सिजन लागलेला होता, म्हणून मी टेबलाचं काम सोडलं आणि दोघांच्याही मतपत्रिका टपालाने मागवल्या. ऑक्टोबरमध्ये आल्या. बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी माझ्याकडे पाठ करून बसले. शाळेत पोरं पाटी झाकतात तसा डावा हात आडवा धरला होता. मी म्हणाले, “झाकतोस कशाला? मला माहीत नाही का?” मतपत्रिका आतल्या पाकिटात, ते बाहेरच्या पाकिटात, सगळं स्वतः केलं. बाहेर सही केली. हात इतका थरथरत होता की सही सगळ्या ओळीवर पसरली. म्हणाले, “वेरा, तारीख तू घाल, मला आता जमणार नाही.”

मी दोन्ही पाकिटं घेऊन टपाल पेटीपाशी गेले. गाडीत बसून माझ्या पाकिटावर तारीख घातली. पेन हातातच होतं. त्यांच्या पाकिटावर नाही घातली.

आता वाच पुढे. मी विसरले नाही. मी लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तारीख घालणारी बाई आहे. बाहेरच्या पाकिटावर तारीख नसली की आपल्या राज्यात मत बाजूला ठेवतात, उघडतही नाहीत, हे मला जितकं ठाऊक आहे तितकं या गावात कुणाला ठाऊक नाही. मी विचार केला की त्यांना कळणार नाही, कुणाचं नुकसान नाही, आणि या वर्षी तरी माझं मत कुणी खाणार नाही. तुझ्यासाठी काहीतरी केलं असं मला वाटलं. पेटीत पाकीट पडल्याचा आवाज ऐकून मला बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकते.

दोन आठवड्यांनी निवडणूक कार्यालयातून फोन आला. असा फोन करतात हे माझ्या हिशेबातच नव्हतं. आमच्या वेळी करत नसत. बाबांना कमी ऐकू यायचं म्हणून फोन मोठ्या आवाजावर होता. ती मुलगी फार गोड बोलली. पाकिटावर तारीख नाही, मत धरलं जाणार नाही, पण मतदानाच्या दिवशी केंद्रावर आलात तर तात्पुरत्या मतपत्रिकेवर मत देता येईल. बाबांनी तिचे आभार मानले, फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“तू विसरलीस?”

“विसरले असेन.”

बाबा म्हणाले, “बरं. जाऊ मग आपण.”

त्यांना कळलं होतं का? बरण्यांवरच्या तारखा त्यांनीही शेहेचाळीस वर्षं वाचल्या होत्या. मला ते आता कधीच कळणार नाही.

मी त्यांना अडवलं. डॉक्टरांचं नाव घेतलं, थंडीचं नाव घेतलं. शेवटी वाट्टेल ते बोलले. मी म्हणाले, “तुझ्या त्या माणसाचं तुझ्या एका मतावाचून काही अडलेलं नाही, एमिल.” त्यांनी शांतपणे बूट मागितले.

मतदानाच्या दिवशी सकाळपासून बारीक पाऊस होता. हॉलच्या दारापासून रस्त्यापर्यंत रांग. इतकी गर्दी मी कधी पाहिली नव्हती; सगळी दुनिया आपल्या राज्याकडे डोळे लावून बसली आहे असं टीव्हीवर महिनाभर सांगत होते, ते लोकांनी मनावर घेतलं होतं. पुढच्या माणसाने बाबांना जागा देऊ केली. बाबा म्हणाले, “रांग ती रांग.” चाकांवरच्या ऑक्सिजन सिलिंडरला धरून पन्नास मिनिटं उभे राहिले. लोरेन माझ्या जागी टेबलावर होती, ती खुर्ची घेऊन धावत आली, तेव्हा कुठे बसले. त्यांचे मोजे ओले झाले होते. ते मला घरी आल्यावर कळलं.

लोरेनने फॉर्म भरला, त्यांनी सही केली. मतपत्रिका हातात आल्यावर पेन धरवेना. नियमात मदतनीस चालतो, म्हणून मी त्यांच्याबरोबर आडोशाला गेले. माझ्या हातावर त्यांचा हात. मी पेन त्यांच्या नेहमीच्या नावाकडे नेलं. त्यांनी माझा हात ओढून वरच्या नावावर आणला.

“इथे.”

मी हळूच म्हणाले, “नीट वाचलंस का? हा तुझा नाही.”

“वाचलंय. तेव्हाही हाच भरला होता, स्वयंपाकघरात.”

लेना, मी ते वर्तुळ भरलं. माझ्याच हाताने.

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, “लेनाला लिहू नकोस. तिला वाटेल म्हातारा सौदा करतोय, मत देऊन नात मागतोय. नाताळला आली तर मीच सांगेन.” मी विचारलं, हे कधी ठरवलंस? ते म्हणाले, सप्टेंबरात टीव्हीवर त्या माणसाची सभा दाखवत होते, तेव्हा लोक ‘हाकला, हाकला’ ओरडत होते. “मला खिळे घेतानाचा एफ्राईन दिसला. छपरावरून हात खाली करून उभा होता.” एवढंच. त्यावर भाषण केलं नाही. त्यांना करता यायचं नाही.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तारखेचं. गाडी सुरू होती, काच वाफेने भरली होती, दोघंच होतो. मी विचारलं, “अक्रोडाचा रोल घ्यायचा का?” ते म्हणाले, “आज कुणी कुणाचं खाल्लं नाही, वेरा. आज घे मोठा.” मी घेतला. ते हसत होते आणि मी माझा तुकडा रुमालात गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बसलो तेव्हा निकाल आलेला होता. राज्य बाबांच्या जुन्या माणसाकडे गेलं. आपला जिल्हासुद्धा गेला, जो तुझ्या आजोबांच्या काळापासून कधी तिकडे गेला नव्हता. टीव्हीवरचा नकाशा बघत बाबा म्हणाले, “माझं मोजलं असेल ना?” मी म्हणाले, “मोजलं.” शुक्रवारी ताप भरला. न्यूमोनिया. एकोणीस तारखेला गेले.

ते मोजलं नव्हतं. तात्पुरत्या मताच्या पाकिटावर दोन सह्या लागतात, एक आधी आणि एक नंतर. त्यांना धाप लागली होती, मला त्यांना गाडीत न्यायची घाई होती, टेबलावर झुंबड होती. मी पाकीट बंद करून लोरेनच्या हातात कोंबलं आणि निघाले. वीस वर्षं मी त्या टेबलावर बसून शेकडो माणसांना बोट ठेवून दाखवलं आहे, इथे करा आणि इथे करा. पावतीवर नंबर होता, डिसेंबरात फोन करून विचारलं. दुसरी सही नाही, मत रद्द. हे मी मुद्दाम केलं नव्हतं. पण पहिलं केल्यावर दुसऱ्यासाठी माझा शब्द कोण धरणार? मीच धरत नाही.

फरक लाखाच्या वर होता. बाबांच्या एका मताने राज्य फिरलं नसतं, हे मला कळतं, आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही. आयुष्यात एकदाच ते तुझ्या बाजूला आले, आणि ते कुठेही लिहिलेलं नाही. राज्याच्या कागदांत एमिल हुडाक या वर्षी मतदानाला आलेच नाहीत.

पुरण्याच्या दिवशी तू आलीस. काळ्या कोटात चर्चच्या मागच्या बाकावर बसलीस, तळघरात जेवायला थांबली नाहीस. मी हालुश्कीचं ताट घेऊन तुझ्यामागे दारापर्यंत आले होते. सांगायचंच होतं. पण तू वळलीस आणि माझ्या गळ्यात पडलीस. म्हणालीस, “आई, निदान तू तरी होतीस.” मी ताट तसंच परत आत नेलं.

फाडलेल्या दोन पत्रांत मी फक्त अर्धं लिहिलं होतं. की बाबांनी तुमच्यासाठी मत दिलं. पण तू वकिलासारखी वाचतेस. तू विचारलं असतंस, टपालाने मत दिलेला आजारी माणूस पावसात रांगेत काय करत होता? म्हणून पूर्ण लिहिलं. तुला बाबा परत द्यायचे तर आई काढून घ्यावी लागते, दुसरी वाट मला सापडली नाही. महिनाभर शोधत होते.

क्षमा मागत नाही. एवढंच मागते की इनेसला तिच्या आजोबांबद्दल चुकीचं सांगू नकोस. माझ्याबद्दल काय सांगायचं ते तू ठरव. ग्वाटेमालाचा पत्ता मला दिला नाहीस तरी चालेल, पण थंडी नसेल तिथे, एवढं कुणाकडून तरी कळव. बाबांचा खिळ्यांचा डबा वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. एफ्राईनला दे.

उद्या लोरेनबरोबर टपाल कचेरीत जाऊन हे रजिस्टर करणार आहे. तारीख वर घातली आहे, दोनदा तपासली. सहीसुद्धा दोन ठिकाणी करते, म्हणजे हे तरी कुणी बाजूला ठेवणार नाही.

तुझी आई,
वेरा हुडाक

वेरा हुडाक