लेकीचं भाषण आणि दादांचा नारळ

अहो,

काल तुमच्या लेकीनं भाषण केलं आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला?

आपला वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि पक्षानं वैशालीला तिकीट दिलं. तुम्ही जन्मभर मागत राहिलात, तिला घरी आणून दिलं! तुम्ही आधी रुसला असतात आणि मग गावभर पेढे वाटले असतेत.

गावदेवीसमोर मांडव घातला होता. उमेदवारी स्वीकारताना ती पहिलं नाव तुमचंच घेणार, म्हणून मी पदर आधीच डोळ्यांशी धरून बसले होते. आणि तिनं काय म्हणावं?

"माझे मोठे बाबा मागे उभे आहेत. त्यांनी नारळ हातात दिल्याशिवाय मी फॉर्म भरायला जाणार नाही."

मोठे बाबा! म्हणजे आपले दादा, तुमचे सख्खे थोरले भाऊ, ज्यांच्याशी तुम्ही शेवटपर्यंत बोलला नाहीत. चांगल्या कामाला निघताना घरातल्या थोरल्यानं नारळ द्यायचा ही आपली रीत. पण वैशालीच्या लग्नातसुद्धा तुम्ही तो माझ्या भावाकडून घेतलात. आणि भांडण कशावरून? शेताच्या बांधावरून. तो बांध आता शीळफाट्याकडच्या कुठल्याशा टॉवरच्या पार्किंगखाली आहे. दाखव म्हटलं असतं तर दोघांपैकी एकालाही दाखवता आला नसता हो!

सगळा मांडव मागे वळून बघायला लागला. दादा पाठ फिरवून निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर मी वैशालीला फैलावर घेतलं. भावकीच्या मतांसाठी बापाचं नाव गिळलंस का, असंही बोलून गेले. ती शांतपणे म्हणाली, "मतांसाठी पण केलं, आई. पण बाबांना नेलं तेव्हा मोठे बाबा सगळ्यांच्या मागे एकटे उभे राहिलेले. ते मी बघितलेलं."

मला ते दिसलंच नव्हतं. मी तुमच्याकडे बघत होते.

रात्री जाऊबाई दादांचा निरोप घेऊन आल्या. "सुमन बोलवाला आली त मी येन." झालं! म्हणजे आता सगळं माझ्यावर. मी नाही गेले, तर लेकीचा शब्द भर गावात खाली पडणार. गेले, तर तुम्हाला काय वाटेल?

खरं सांगू? तुमचा थोडा रागच आलाय. एवढे प्रेमळ तुम्ही, परक्याच्या अडीनडीला धावायचात. भावाला एक हाक मारायला काय झालं होतं?

उद्या सकाळी मी जाणार आहे. रीतसर बोलावीन, घरी आणीन, तुमच्या फोटोसमोर बसवीन. आणि चहा ठेवायच्या निमित्तानं आत जाईन, ते लवकर बाहेर येणार नाही. तुम्ही दोघं काय ते बोलून घ्या.

तुमचीच,
सुमन