भाजीचं पाणी

प्रिय ठकू,

तुझं पत्र येऊन आज तेवीस दिवस झाले. मध्ये तू सहा वेळा फोन केलास. मी चार उचलले आणि चारही वेळा गुडघ्यांचं कारण पुढे केलं. गुडघे दुखतातच, ते काही खोटं नाही, पण गुडघ्यांमुळे पत्राचं उत्तर अडत नाही हे तुझ्यासारख्या वकिलिणीला मी काय सांगावं! तुझे रिपोर्ट मी तीनदा वाचले. दोन्ही किडन्या निम्म्याहून जास्त थकल्या आहेत, पथ्य काटेकोर पाळलं तर डायलिसिस काही वर्षं लांबवता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. आणि तू लिहिलंयस की मावशी, तू ये, स्वयंपाकघर तुझ्या ताब्यात देते, तू ताटात वाढशील तेवढंच खाईन. ठकू, जे दुखणं तुझ्या आईला होतं तेच पस्तिसाव्या वर्षी तुझ्या वाट्याला यावं, याचं मला फार वाईट वाटतं. तरीही ‘येते’ म्हणायला माझी जीभ उचलत नाही. का ते सांगायला बसलेय. पत्र लांबेल, पण मध्येच पानं उलटून शेवट बघू नकोस. लहानपणी गोष्टींच्या पुस्तकांत तू नेमकं तेच करायचीस आणि मग उरलेली गोष्ट ऐकायला कंटाळायचीस.

माझा शाळेतला वर्ग तुला आठवतो का? सुट्टीच्या दिवशी तुला घेऊन जायचे मी. भिंतीवर मीच रंगवलेला पालक, गाजर आणि बीट, आणि खाली ठळक अक्षरांत नियम: भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरल्यावर धुऊ नका. शिजवलेलं पाणी फेकू नका. एकतीस वर्षं गृहशास्त्र शिकवलं मी, आणि त्या एकतीस वर्षांचा अर्क म्हणजे हे तीन नियम. मुली पाठीमागे मला ‘सत्त्वबाई’ म्हणायच्या. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. एकदा प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत एका मुलीनं शेंगा उकडलेलं पाणी सिंकमध्ये ओतून दिलं, तर मी दहापैकी तिचे सहा गुण कापले. ती रडली, दुसऱ्या दिवशी तिची आई भांडायला आली, पण मी अर्धा गुणसुद्धा परत दिला नाही. जडीबुटीवाले आणि चमत्कारी चूर्णं विकणारे यांची मला चीडच होती, तुला माहीतच आहे. माझं म्हणणं साधं होतं की माणूस नीट जेवला तर निम्मी दुखणी दाराबाहेरूनच परत जातात. हे मला इतकं पाठ होतं की त्याला कुठे अपवाद असेल असं कधी मनातही आलं नाही.

तुझे बाबा गेले, तू कायद्याच्या शिक्षणासाठी हॉस्टेलवर गेलीस आणि धाकटी माझ्याकडे राहायला आली. तुझ्यासाठी ती आई, पण माझ्यासाठी ती कायम धाकटीच. वर्षभरात तिच्या पायांवर सूज दिसायला लागली आणि किडनीचं निदान झालं. हॉस्पिटलात आम्हांला डाएटिशियनकडे पाठवलं. पंचविशीतली पोर, केस उंच बांधलेले, पुढ्यात छापील कागदांचा गठ्ठा. तिनं सांगितलं की बटाटा, गाजर, पालेभाजी, सगळं बारीक चिरायचं, कोमट पाण्यात दोन तास भिजत ठेवायचं, ते पाणी फेकून द्यायचं, मग भरपूर ताज्या पाण्यात उकडायचं आणि तेही पाणी फेकून द्यायचं. ठकू, माझ्या भिंतीवरचे तिन्ही नियम तिनं एका दमात उलटे केले! मी अर्धा तास वाद घातला. धाकटी माझा पदर ओढत होती, बाहेर लोक ताटकळले होते. ती पोर मात्र शांतपणे म्हणाली, “मावशी, तुमचं बरोबर आहे, पण ते धडधाकट माणसासाठी. यांच्या किडन्यांना पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठलं की हृदय बंद पडतं.” हे मी ऐकलं होतं. तू वकील आहेस म्हणून मुद्दाम लिहिते, मला ते सांगितलं गेलं होतं आणि मी ते ऐकलं होतं.

पहिले तीन महिने मी कागदाबरहुकूम वागले. सकाळी चिरायचं, भिजवायचं, ओतायचं, उकडायचं, पुन्हा ओतायचं. बिटाचं लाल पाणी, पालकाचं हिरवं पाणी, डोळ्यांदेखत सिंकच्या भोकातून गुडगुडत जायचं आणि माझा जीव तुटायचा. ताटात जे उरायचं त्याला धाकटी टीपकागद म्हणायची. “ताई, आज कुठल्या रंगाचा टीपकागद?” असं विचारून हसत हसत जेवायला बसायची आणि चार घास खाऊन उठायची. संत्र्यांवर तिचा केवढा जीव, तुला तर माहीतच आहे. पण फळवाल्याच्या गाडीकडे ती मान वळवूनसुद्धा बघायची नाही. रिपोर्ट जिथल्या तिथे आहेत, हे चांगलंच आहे, असं डॉक्टर म्हणायचे. पण मी रिपोर्ट बघतच नव्हते, मी तिची मनगटं बघत होते. घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं होतं. तुझ्या आईला मी लहानपणी भरवलंय गं. ती माझ्या हातचं खाऊन वाळत चाललीय, हे मला बघवेना.

म्हणून मी एक पातेलं बाजूला ठेवायला लागले. आधी ते पाणी मीच प्यायले, वाया जाऊ नये म्हणून. चांगलं लागलं. मग एके दिवशी ते आटवलं, दोन टोमॅटो कुस्करून घातले, मिरपूड टाकली आणि वाटीभर सूप धाकटीपुढे ठेवलं. तिनं वास घेतला आणि डोळेच मिटले. मग विचारलं, “ताई, हे चालतं ना?” मी म्हटलं, “मी देतेय म्हणजे चालतंच.” बस, एवढंच बोलणं झालं. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, कारण मी दिलेल्या गोष्टीवर तिनं आयुष्यात कधी शंका घेतली नव्हती. मी मात्र मनाशी शाळामास्तरणीचा युक्तिवाद केला होता. कागदावर पाणी फेका असं छापलं होतं, पिऊ नका असं कुठे होतं? टोमॅटोच्या पुढे फुली होती, तर मी म्हटलं, दोनानं काय होतंय! डाएटिशियनला यातलं अवाक्षर कळू दिलं नाही. ज्या अर्थी लपवलं, त्या अर्थी माझ्या मनात कुठेतरी पाल चुकचुकत असणारच.

अठरा दिवस दिलं मी ते सूप. तिच्या चेहऱ्यावर तजेला आला असं मला वाटायचं. आता कळतं, ते नुसतं चवीचं सुख होतं. मग तिचे पाय जड पडायला लागले, हातातून कप निसटला, छातीत काहीतरी चुकतंय म्हणाली. मी ठरवून टाकलं की हा अशक्तपणा आहे, आणि एका वाटीच्या दोन वाट्या केल्या. हे वाक्य लिहिताना मी पेन खाली ठेवून घरभर फिरून आले.

त्या गुरुवारी ती बाथरूमच्या उंबऱ्यात कोसळली. हॉस्पिटलात रक्त तपासलं, आणि रिपोर्ट बघून डॉक्टर धावतच आले. पोटॅशियम इतकं कसं वाढलं, काय खाण्यात आलं, फळांचे रस, सूप, असं काही? सूप हा शब्द ऐकला आणि मी तोंड उघडलं. पण धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. तिला त्या क्षणी सगळं कळलं होतं, ठकू. तिनं माझी बोटं घट्ट दाबली आणि माझ्या आधी बोलली, “संत्री खाल्ली मी, डॉक्टर. खालच्या शिवणवालीकडे, चोरून. रोज दोन-तीन. ताईला पत्ता नव्हता.” डॉक्टर चिडले, नर्सनं कपाळावर हात मारला, आणि मी गप्प राहिले. डायलिसिसची तयारी झाली, पण हृदयानं दाद दिली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वाचार वाजता ती गेली. तू तेव्हा बसमध्ये होतीस.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूनं. डॉक्टरांनी तुला पथ्य मोडल्याचं सांगितलं. तू तडक खाली शिवणवालीच्या दारात गेलीस. ती बिचारी मशीनवरून उठली आणि शपथा घ्यायला लागली की संत्री काय, पाण्याचा घोटसुद्धा दिला नाही, तुझी आई महिनाभर जिना उतरलीच नाही. तू तिला खोटारडी म्हणालीस. तिनं तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. चार महिन्यांत ती खोली सोडून गेली. जो भेटायला यायचा तो म्हणायचा, बहिणीनं बहिणीसाठी करावं तरी किती! मी मान डोलवायचे. आणि तू, एकोणीस वर्षांची, माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, “तू एवढं राबलीस आणि आईला जीभ आवरली नाही. माझासुद्धा विचार आला नाही तिच्या मनात.” तेव्हा सांगायला हवं होतं. मला तू हवी होतीस, ठकू. धाकटी गेली होती, सांगितलं असतं तर तूही गेली असतीस. त्या स्वार्थापायी सोळा वर्षं मी तुझी लाडकी मावशी होऊन राहिले.

महिन्याभरानं मी एकदा त्या डाएटिशियनकडे जाऊन बसले. काही कबूल केलं नाही, नुसतं विचारलं की भाजीतलं पोटॅशियम नेमकं जातं कुठे. ती म्हणाली, “पाण्यात उतरतं, मावशी. म्हणून तर फेकायचं.” एकतीस वर्षं मी मुलींना हेच शिकवत होते, की भाजीतलं सगळं पाण्यात उतरतं.

आता तुझ्या पत्राकडे येते. त्यात खाली, सहीच्या आधी, तू लिहिलंयस, ‘काळजी करू नकोस, मी आईसारखी जिभेची गुलाम होणार नाही.’ या एका ओळीसाठी हे पत्र आहे. बाकी सगळं मी मरेपर्यंत पोटात ठेवलं असतं, इतकी मी भित्री आहे. पण तू हे आजारपण आईवरचा राग धरून सोसायला निघालीयस, आणि तो राग माझ्यावर असायला हवा. सोळा वर्षांत तू संत्रं सोललं नाहीस, तिचा फोटो भिंतीवर लावला नाहीस. ठकू, तुझ्या आईनं पथ्य एका घासानंही मोडलं नाही. तुला पुन्हा बघायचं म्हणून ती टीपकागद गिळत होती, आणि शेवटी तिनं एकच खोटं सांगितलं, ते मला वाचवायला. फोटो लाव. जमलं तर शिवणवालीला शोध. तिची माफी मागायला मला तुझ्याबरोबर येऊ दे. स्वयंपाकघर माझ्या ताब्यात देऊ नकोस, कुणाच्याच ताब्यात देऊ नकोस. डाएटिशियनचा कागद भिंतीला चिकटव, आणि ‘हे चालतं ना?’ हे विचारायचं तर तिलाच विचार, तुझ्यावर जीव टाकणाऱ्या माणसाला विचारू नकोस. एवढं वाचूनही मी यावं असं वाटलं तर एका शब्दानं कळव. मी चिरून देईन, भिजवून देईन, उकडून देईन. पाणी मात्र प्रत्येक वेळी तू स्वतःच्या हातानं ओतायचंस, माझ्यादेखत, शेवटच्या थेंबापर्यंत.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
मावशी